पाठीवर थाप कुणाच्या मारायची?
(आपल्या विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या धम्मसभेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीने मला विषय दिला आहे, 'आपल्या परिसरातील उत्कृष्ट सामाजिक संस्थांचा गौरव'. या वर्षापासून विहारातर्फे वस्तीतल्या आणि आजूबाजूच्या मंडळांपैकी चांगले काम करणाऱ्या संस्थेचा दरवर्षी सन्मान करावा, असा समितीचा विचार चालू आहे. तो कसा करावा, कुणाचा करावा, आणि मुळात करावा की नाही, यावर दोन शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. 'करावा की नाही' हा प्रश्न मी मुद्दाम घेतला आहे. कारण आपल्यातच दोन मतं आहेत. एक मत म्हणतं, काम करणाऱ्याच्या पाठीवर थाप पडली पाहिजे. दुसरं म्हणतं, पुरस्कार आला की भांडण आलं. आज एकत्र बसणारी चार मंडळं उद्या चार दिशांना जातील. दोन्ही मतं खोटी नाहीत. म्हणून थोडं खोलात जाऊ.

भगवंतांनी गौरव केला होता का?

काही उपासक म्हणतात, धम्मात मानसन्मानाला जागाच नाही. दान गुपचूप करावं, काम मुकाट्यानं करावं. ऐकायला बरं वाटतं. पण अंगुत्तर निकायात एक भाग आहे, त्याला 'एतदग्ग वग्ग' म्हणतात. एतदग्ग म्हणजे 'या गुणात हा अग्र'. भगवान बुद्धांनी त्यात आपल्या श्रावकांची नावं घेऊन, कोण कशात अग्र आहे, हे सांगितलेलं आहे. प्रज्ञेत सारिपुत्त. विनयात उपाली. हा उपाली मूळचा न्हावी, हे आपण विसरू नये. दान देणाऱ्या उपासकांत अनाथपिंडिक, उपासिकांत विशाखा. आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या उपासिकांत सुप्पिया. बहुश्रुत उपासिकांत खुज्जुत्तरा. खुज्जुत्तरा ही राणी सामावतीची दासी होती, असं परंपरा सांगते. भगवंतांचं प्रवचन ऐकून यायची आणि राजवाड्यातल्या बायकांना ते जसंच्या तसं सांगायची. म्हणजे राजवाड्यात एका दासीचा वर्ग भरत होता, आणि भगवंतांनी तिला अग्र म्हटलं.

आता यातली गोम बघा. भगवंतांनी 'सर्वांत श्रेष्ठ श्रावक' असा एकच नंबर काढला नाही. पहिला, दुसरा, तिसरा, उत्तेजनार्थ, असंही केलं नाही. प्रत्येकाचा गुण वेगळा, म्हणून प्रत्येकाची अग्रता वेगळी. सुप्पियाची तुलना अनाथपिंडिकाशी केली नाही. आजाऱ्याचं पथ्य करणारी बाई आणि जेतवन विकत घेणारा श्रेष्ठी, दोघांना एकाच तराजूत घातलं नाही. आपल्या वादाचं अर्धं उत्तर इथंच मिळतं.

उरलेलं अर्धं उत्तर हत्थक आळवक या उपासकाकडं आहे. हत्थकाच्या मागे पाचशे उपासक होते. भगवंतांनी त्याला विचारलं, एवढी माणसं तू कशी बांधून ठेवतोस? तो म्हणाला, आपणच सांगितलेल्या चार संग्रहवस्तूंनी. ज्याला दानाची गरज त्याला दान, ज्याला गोड शब्दाची गरज त्याला प्रियवचन, ज्याचं काम अडलं असेल त्याचं काम, आणि ज्याला बरोबरीची वागणूक हवी त्याला समानता. लोकसंग्रह करणाऱ्यांत भगवंतांनी त्याला अग्र ठरवलं. आजच्या भाषेत सांगायचं तर तो त्या काळचा उत्तम संघटक.

याच हत्थकाबद्दल आणखी एक प्रसंग आहे. भगवंतांनी भिक्खूंसमोर त्याचे सात गुण सांगितले. एका भिक्खूने ते जाऊन हत्थकाला कळवलं. तेव्हा हत्थकाने काय विचारलं? 'भन्ते, त्या वेळी तिथं कुणी पांढऱ्या वस्त्रातला गृहस्थ तर नव्हता ना?' नव्हता, म्हटल्यावर त्याला बरं वाटलं. आपली स्तुती चारचौघांत व्हावी, ही हाव त्याला नव्हती. भगवंतांना हे कळलं तेव्हा त्यांनी सांगितलं, हा त्याचा आठवा गुण, अल्पेच्छता.

बंधू-भगिनींनो, या प्रसंगाला दोन बाजू आहेत, आणि आपण नेहमी एकच बाजू सांगतो. हत्थकाने स्तुती मागितली नाही, हे खरं. पण म्हणून भगवंतांनी ती करायची थांबवली का? नाही. उलट आणखी एक गुण वाढवून सांगितला. काम करणाऱ्याने मागू नये, आणि बघणाऱ्याने सांगितल्यावाचून राहू नये. आपल्याकडे मात्र उलटं झालंय. ज्यानं मागू नये तो मागतो, आणि ज्यानं सांगावं तो गप्प बसतो.

आपल्याच डोंगरावरचा हिशेब

आपण नाशिककर. पांडवलेणी म्हणून जिची ओळख झाली ती आपली त्रिरश्मी बुद्धलेणी. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन आपण वर जातो, दहा क्रमांकाच्या लेण्यापाशी उभं राहून फोटो काढतो. त्याच लेण्याच्या भिंतीवर एक लेख कोरलेला आहे, तो सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्खुसंघाला हे लेणं दिलं आणि सोबत ३००० कार्षापणांची कायम ठेव दिली. ठेव ठेवली कुठं? राजाच्या तिजोरीत नाही. गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची संघटना. गोवर्धन गाव आजही गंगापूर रोडनं पुढे गेलं की लागतं.

२००० कार्षापण एका विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण टक्क्याने. मुद्दल कधी परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० वर महिन्याला २० म्हणजे वर्षाला २४०. लेखात म्हटलंय, लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. वीस गुणिले बारा किती? दोनशे चाळीस! एक पैसा इकडचा तिकडं नाही. आणि हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि रीतीप्रमाणे नोंदवलं, असंही त्या लेखात आहे.

त्याच लेण्यात नंतरच्या काळातला, आभीर राजा ईश्वरसेन याच्या वेळचा आणखी एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक कुळातल्या उपासिकेने त्रिरश्मीवरच्या आजारी भिक्खूंच्या औषधासाठी ठेव दिली. तीही श्रेणींकडेच. त्यात पाण्याची यंत्रं करणारे आहेत आणि तेलाचे घाणे चालवणारे तेलीही आहेत.

हे मी का सांगतोय? विणकर, तेली, हाताने काम करणारी माणसं. त्यांच्या संघटनांना राजघराण्यानं आणि उपासिकेनं उत्कृष्ट ठरवलं ते ढाल देऊन नव्हे. त्यांच्यावर पैसे सोपवून. 'तुमच्या हाती संघाचं चीवर, संघाचं औषध सुरक्षित आहे', याहून मोठं मानपत्र कुठलं? आणि त्यांनाच ते का मिळालं? कारण त्यांचा हिशेब भरसभेत वाचता येत होता. नाशिकमधल्या संस्थांच्या गौरवाचा एवढा जुना पुरावा आपल्या डोंगरावर आहे, आणि त्याची कसोटी विश्वास आणि हिशेब हीच आहे.

आधी परीक्षा, मग शाल

महात्मा फुले यांचा सत्कार १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्यात विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते झाला, शालजोडी देऊन. हा फोटो आपण चित्ररूपात पाहिलेला असतो. पण त्याच वर्षी आधी त्यांच्या मुलींच्या शाळेची जाहीर परीक्षा झाली होती, लोकांच्या देखत. आधी मुली उत्तरं देत्या झाल्या, नंतर शाल आली. आज आपण क्रम उलटा करतो. शाल आधी, काम नंतर बघू!

बाबासाहेबांचं उदाहरण घ्या. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. पुढच्याच वर्षी सोलापूरला विद्यार्थ्यांचं वसतिगृह सुरू झालं. मुलाला राहायला खोली, जेवायला ताट, वाचायला पुस्तक, ही त्या सभेची पहिली कामं. पुढे सभेचं नाव मागे पडलं, पण काम थांबलं नाही. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आली, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय उघडलं. संस्थेचं नाव टिकलं की नाही, यापेक्षा काम पुढच्या हातात गेलं की नाही, हे बघायचं असतं.

आणि आपलं नाशिक! २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसांची मिरवणूक निघाली. मंदिराच्या चार दरवाजांवर पहिली तुकडी बसली, त्यात १२५ पुरुष आणि २५ महिला होत्या. बाबासाहेबांचं नाव आपण घेतो, कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचं घेतो, घेतलंच पाहिजे. दादासाहेबांना १९६८ साली पद्मश्री मिळाली. पण 'कर्मवीर' ही पदवी लोकांनी दिलेली. पण त्या पंचवीस बायांपैकी किती जणींची नावं आपल्या मुलांना माहीत आहेत? एवढ्या माणसांच्या भाकरी कुणी थापल्या? गावोगाव निरोप कुणी नेले, वर्गणी कुणी जमवली? बाबासाहेबांनी दादासाहेबांना लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकरूपाने आली आहेत. ती वाचली की कळतं, चळवळ म्हणजे भाषण थोडं आणि व्यवस्था फार. व्यवस्था बघणाऱ्यांचं नाव राहून जातं. नवा सन्मान सुरू करायचा असेल तर या राहून गेलेल्या माणसांसाठी करा.

शासनाचे पुरस्कार आणि बाजारातले पुरस्कार

शासनाकडून आपल्या क्षेत्रात पुरस्कार दिले जातात. पूर्वीचा 'दलित मित्र' पुरस्कार आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर समाजभूषण पुरस्कार या नावाने दिला जातो, तो व्यक्तीला आहे तसा संस्थेलाही आहे. शाहू-फुले-आंबेडकर पारितोषिक संस्थांसाठी आहे. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी बाबासाहेबांच्याच नावाने उत्कृष्ट ग्रंथालय पुरस्कार आहे. या ग्रंथालय पुरस्कारातली एक गोष्ट मला आवडते. तिथे शहरी आणि ग्रामीण वेगळे केलेत, आणि त्यातही अ, ब, क, ड असे वर्ग. म्हणजे एका खोलीतल्या खेड्यातल्या वाचनालयाची स्पर्धा शहरातल्या जुन्या, मोठ्या इमारतीच्या ग्रंथालयाशी लावत नाहीत. लहानाला लहानाशीच मोजायचं. हे शहाणपण आपण उचललं पाहिजे.

पण शासनाच्या पुरस्काराला अर्ज लागतो, कागद लागतात, प्रस्ताव नीट लिहिणारा माणूस लागतो. ज्या मावशी संध्याकाळी ओट्यावर पंधरा पोरांची उजळणी घेतात, त्यांच्याकडे लेटरहेड नसतं. त्यांच्यापर्यंत शासन पोहोचत नाही. तिथं विहारच पोहोचू शकतो.

आणि तिसरा एक प्रकार बोकाळला आहे, त्याबद्दल बोललंच पाहिजे. मोबाईलवर निरोप येतो, 'आपली समाजरत्न पुरस्कारासाठी निवड झाली आहे, नोंदणी शुल्क अमुक इतके भरावे.' हॉल भाड्याचा, ढाल पैसे भरून, फोटो व्हॉट्सॲपवर. आपलीच माणसं, वर्षभर राबून चार पैसे जमवलेले, त्यात फसतात. का फसतात? कारण आपण घरच्यांनी कधी 'शाब्बास' म्हटलेलं नसतं. घरी पाणी मिळालं नाही की माणूस बाहेर विकत घेतो.

मग बघायचं काय?

आपल्या नाशिकरोड, सातपूर, अंबड, देवळाली या भागांत कामगारांच्या वस्त्या वाढल्या तशी मंडळं वाढली. जयंती मंडळ, महिला मंडळ, बचत गट, अभ्यासिका, भजनी-गायन पार्टी, मयतीला मदत करणारी भिशी. कुणाचं बोर्डावर नाव आहे, कुणाला नावच नाही. यांच्यात उत्कृष्ट कोण, हे ठरवायला हत्थकाच्या चार संग्रहवस्तू पुरेशा आहेत. एकेक घेऊन बघू.

दान. संस्थेकडे पैसा किती आला, हे विचारू नका. आलेल्या रुपयातला कितीवा हिस्सा गरजूपर्यंत गेला, ते विचारा. जयंतीच्या वर्गणीतून साउंडला किती गेले आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांना किती? नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर वर्षाची लेखापरीक्षा झाली का, विश्वस्त बदलले तर धर्मादाय कार्यालयात फेरफार कळवला का, हे बघा. अनेक चांगल्या संस्था इथंच अडकतात. जुने विश्वस्त वारले, नवे कागदावर आलेच नाहीत, आणि मग वाद कोर्टात. नोंदणी नसेल तरी हरकत नाही, पण एक शंभर पानी वही असावी आणि ती कुणीही मागितली तर दाखवता यावी. वही दाखवायला जो कचरतो, त्याचा सत्कार पुढच्या वर्षी.

प्रियवचन. दारात आलेल्या माणसाशी संस्था कशी बोलते? विधवा बाई पेन्शनचा फॉर्म घेऊन आली तर तिला 'उद्या या' किती वेळा ऐकावं लागतं? हे पदाधिकाऱ्यांना विचारून कळणार नाही. त्या बाईलाच विचारावं लागेल.

अर्थचर्या, म्हणजे उपयोगी पडणं. इथं सातत्य बघा. रक्तदान शिबिर एका दिवसाचं असतं, फोटो भरपूर निघतात. अभ्यासिका तीनशे पासष्ट दिवस चालवावी लागते. लाइटबिल भरावं लागतं, रात्री दहाला कुलूप लावायला कुणीतरी थांबावं लागतं, परीक्षेच्या दिवसांत पहाटे पाचला उघडावं लागतं. तिचा फोटो काय काढणार? खाली मान घालून वाचणारी पोरं! पण वर्षावासात तीन महिने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन एकही दिवस न चुकवता करणारं महिला मंडळ, किंवा वर्षानुवर्षं मयतीच्या घरी पहिला चहा-भाकर नेणारी गल्ली, ही खरी उत्कृष्टता.

समानता. पदाधिकाऱ्यांत बाया किती, आणि सही करायच्या पदावर किती? सतरंज्या घालायला ताई आणि माइक धरायला भाऊ, असं तर नाही ना? आपल्यातल्याच मागे राहिलेल्या जातीचा, दुसऱ्या धर्माचा शेजारी संस्थेत येऊ शकतो का? पोरांना बोलायला मिळतं का, की तेच अध्यक्ष पंधरा वर्षं?

आणि पाचवी एक कसोटी मी वज्जींच्या उपदेशातून घेतो. भगवंतांनी सांगितलं, जोवर वज्जी वारंवार एकत्र जमतील, एकोप्याने जमतील आणि एकोप्यानेच उठतील, तोवर त्यांची वाढच होईल, ऱ्हास होणार नाही. 'एकोप्याने उठतील' हे महत्त्वाचं आहे. आपण एकोप्याने बसतो, उठताना मात्र दोन गट होतात. म्हणून संस्थेची मीटिंग बघायला जा. बैठक संपल्यावर माणसं एकत्र चहा पितात का, तेवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

समितीला माझ्या सूचना

पहिली, अर्ज मागवू नका. मागणाऱ्याला आणि लिहिता येणाऱ्यालाच तो मिळेल. पाच जणांचं निरीक्षक मंडळ करा. त्यात किमान तीन उपासिका, एक कॉलेजचा विद्यार्थी, एक हिशेब कळणारे सेवानिवृत्त गृहस्थ. त्यांनी वर्षातून तीन वेळा, न सांगता, संस्थांकडे जावं.

दुसरी, निरीक्षकांच्या स्वतःच्या मंडळाचा त्या वर्षी विचार होणार नाही. विहार समितीच्या मंडळाचा तर कधीच नाही.

तिसरी, पहिला-दुसरा क्रमांक काढू नका. एतदग्गाची पद्धत ठेवा. 'रुग्णसेवेत अग्र', 'विद्यार्थ्यांच्या कामात अग्र', 'हिशेबात अग्र'. ज्या वर्षी एखाद्या गुणात कुणी सापडलं नाही, त्या वर्षी ती जागा रिकामी ठेवा. रिकामी जागाही काहीतरी शिकवते.

चौथी, ढाल नको, नारळ नको, मोठ्ठा बॅनर नको. उषवदाताची पद्धत घ्या. विश्वास म्हणून काहीतरी सोपवा. अभ्यासिकेला वर्षभराचं लाइटबिल, वाचनालयाला ग्रंथ, ओट्यावरच्या वर्गाला पावसाळ्यापुरता विहाराचा हॉल. आणि विहाराच्या शिक्क्याचं एक पत्र द्या, की 'या संस्थेचं काम आम्ही वर्षभर डोळ्यांनी पाहिलं आहे.' उद्या त्या ताई महापालिकेत, बँकेत किंवा एखाद्या कंपनीकडे मदतीसाठी गेल्या तर ते पत्र त्यांच्या कामी येईल. ज्याच्याकडे लेटरहेड नाही, त्याचं लेटरहेड विहाराने व्हावं.

पाचवी, ज्यांना मिळालं नाही त्यांच्याकडे निरीक्षकांनी जाऊन, चहा घेऊन, चार भिंतींच्या आत सांगावं, काय चांगलं आहे आणि काय कमी पडलं. चांगलं चव्हाट्यावर सांगा, उणं घरात सांगा. एवढं एक पाळलं तरी निम्मी भांडणं होणार नाहीत.

आणि सहावी, सन्मानाच्या वेळी विहाराने स्वतःचा वर्षाचा हिशेब सगळ्यांसमोर वाचावा. निगमसभेत वाचला गेला तसाच. दुसऱ्याची वही मागणाऱ्याने आपली वही आधी उघडावी.

भगिनींनो आणि बंधूंनो, हे सगळं कशासाठी? आपली पोरं बघत असतात. वस्तीत कुणाला मान मिळतो, यावरून ती ठरवतात मोठं होऊन कोण व्हायचं. ज्याचा फ्लेक्स मोठा त्याला मान मिळाला, तर ती फ्लेक्स लावतील. रात्री दहाला अभ्यासिकेला कुलूप लावणाऱ्याला मान मिळाला, तर उद्या ती किल्ली घ्यायला कुणीतरी पुढे येईल. त्या किल्लीला वारस मिळेल की नाही, हा खरा प्रश्न आहे. चांगल्या संस्था पैशावाचून मरतात त्यापेक्षा जास्त वारसावाचून मरतात.

समितीने या सूचनांवर सर्व मंडळांना बोलावून चर्चा करावी, पटतील त्या घ्याव्यात, न पटतील त्या सोडाव्यात. आपण आज एकोप्याने बसलो आहोत, तसेच एकोप्याने उठू या.

नमो बुद्धाय! जय भीम! जय भारत!